ययातीतला एक तारा मध्येच मंद झाला. कुणी बघितलंय का?

माळ्यावरचा_राखणदार (खानापूर तालुका, जि. बेळगाव) | रविवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं शेत जांबोटी रस्त्याला, रानाला लागून. उसात गवे शिरतात म्हणून आठवड्यातनं दोन रात्री मी आणि बाबा माळ्यावर राखणीला असतो. बाबा झोपतात, मी जागा. मोबाईलला रेंज नाही, मग करायचं काय? आकाश बघत बसतो. दोन वर्षांत बरेच तारे ओळखीचे झालेत.

काल रात्री साडेसातला माळ्यावर चढलो तेव्हा ययाती (पर्सियस) या तारकासमूहातले दोन मोठे तारे, मिरफाक आणि अल्गोल, जवळजवळ सारखेच दिसत होते. अल्गोल किंचित कमी, एवढंच. साडेबाराला थर्मासातला चहा ओतूलालो होतो, सहज वर बघितलो तर अल्गोल पार मलूल. त्याच्याजवळ एक बारका तारा आहे, अल्गोल अगदी त्याच्या पंगतीला जाऊन बसलेला. आधी वाटलं धुकं आलं. पण शेजारचे सगळे जसेच्या तसे. तीन वाजता वायव्येला झुकला होता, तेव्हा परत उजळूलाला होता.

घरी सांगितलं तर आई म्हणते चष्मा लाव. कुणी बघितलंय का?

निपाणीचा_बारीक_पत्ता | रविवार, सकाळी १०:४०

तिकडंपण रात्रीच थ्री फेज सोडतात वाटतं. मोटर चालू केली असेल कुणीतरी, व्होल्टेज पडलं.

येळ्ळूरचे_गुरुजी | रविवार, दुपारी १:०५

राखणदार, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा आणि चष्म्याचे पैसे वाचवा. तुमचे डोळे उत्तम आहेत. मी छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. अल्गोल मंद झालेला स्वतःहून, कुणी न सांगता टिपलेला विद्यार्थी मला एकही मिळाला नाही.

हा रूपविकारी तारा आहे. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंदावतो. उतरायला आणि परत चढायला मिळून साधारण दहा तास लागतात. अगदी तळाला असतो तेव्हा त्याचा प्रकाश एक तृतीयांशाहून थोडा कमीच उरतो. अरबांनी त्याला 'रास अल घूल' म्हटलं, राक्षसाचं डोकं. त्यावरूनच अल्गोल.

असं का होतं हे पहिल्यांदा नीट मांडलं ते जॉन गुडरिक या इंग्लंडमधल्या यॉर्कच्या मुलानं, १७८३ साली. वय किती? अठरा. जन्मापासून नाही, पण लहानपणापासून बहिरा. खिडकीतनं रोज नोंद ठेवायचा. त्याचं म्हणणं असं की एखादी काळी वस्तू त्या ताऱ्याभोवती फिरत असावी आणि दर फेरीला आडवी येत असावी. नाहीतर ताऱ्यावरच डाग असतील. पहिलंच खरं निघालं: आडवा येतो तो दुसरा तारा. त्याच वर्षी रॉयल सोसायटीनं त्याला कोपली पदक दिलं. १७८६ मध्ये, एकविसाव्या वर्षी तो गेला.

आता तुमचाच हिशेब पुढं चालवू. तुमचा तळ शनिवारी रात्री साडेबाराचा धरला, तर पुढचा मंगळवारी रात्री ९ वाजून १९ मिनिटांनी. तीन दिवसांना ३ तास ११ मिनिटं कमी, हे लक्षात ठेवा म्हणजे तक्ता लागत नाही. मंगळवारी त्या वेळी अल्गोल उत्तरेकडं चांगला वर असेल. बघा आणि इथं लिहा.

माळ्यावरचा_राखणदार | रविवार, रात्री ८:३०

गुरुजी, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. "मग आधीच का नाही सांगितलास" म्हणाली!

एक शंका. दोन तारे आहेत तर दुर्बिणीतनं दोन दिसतील का? मामाकडं एक आहे, पाखरं बघायची.

सई_शहापूर | रविवार, रात्री ९:१५

नाही दिसणार रे. पाखरांच्या दुर्बिणीतनं तर नाहीच, चांगल्या मोठ्या दुर्बिणीतनंही साधा एक ठिपकाच. दोघांमधलं अंतर सुमारे ९३ लाख किलोमीटर. ऐकायला मोठं वाटतं, पण आपला बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे. म्हणजे बुधाच्या कक्षेच्या आत, एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे हे दोन तारे, आणि तेही ९० प्रकाशवर्षं लांब. ते दोन आहेत हे पक्कं झालं १८८९ मध्ये. हेर्मान फोगेलनं अल्गोलच्या वर्णपटातल्या रेषा मागंपुढं सरकताना पकडल्या, म्हणजे तारा जोडीदाराभोवती फिरताना कधी आपल्याकडं येतो, कधी लांब जातो. (तिसराही एक आहे, ६८० दिवसांत या जोडीभोवती फिरणारा. त्याचं इथं काम नाही.)

खरी गंमत पुढं आहे. मी एमएस्सीला असताना यावर दोन रात्री झोपले नव्हते, म्हणून लिहिते.

जोडीतला तेजस्वी तो 'अ'. निळसर-पांढरा, सूर्याच्या सव्वातीन पट वजनाचा, ऐन तारुण्यातला. दुसरा 'ब'. नारिंगी, थंड, वजन सूर्याच्या पाऊण पटीहूनही कमी, पण फुगून 'अ'पेक्षा मोठा झालेला. असं फुगणं हे ताऱ्याच्या म्हातारपणाचं लक्षण. आता ताऱ्यांच्या जोड्या एकाच ढगातनं, एकाच वेळी जन्मतात. आणि जड तारा आधी म्हातारा होतो, हा नियम.

मग इथं हलका आधी म्हातारा कसा झाला?

उद्यमबागचा_फिटर | रविवार, रात्री ९:५०

ताई, मुळात तो नियमच कळेना. भट्टीत कोळसा जास्त तर ती जास्त वेळ चालायला पाहिजे. जड तारा आधी कसा संपतो?

सई_शहापूर | रविवार, रात्री १०:१०

दादा, भट्टीचंच घ्या. कोळसा तिप्पट टाकलात, पण ब्लोअर तिप्पट नाही, पन्नासपट सोडलात. किती वेळ टिकेल? ताऱ्यात ब्लोअरचं काम त्याचं स्वतःचं वजन करतं. वजन जास्त, की आतला दाब आणि तापमान जास्त, की हायड्रोजन बेसुमार जळतो. सूर्याचं आयुष्य साधारण १००० कोटी वर्षं. तिप्पट वजनाच्या ताऱ्याला चाळीसएक कोटीसुद्धा मिळत नाहीत.

उद्यमबागचा_फिटर | रविवार, रात्री १०:१४

आता कळलं. आमच्या शेठला पाठवतो हे, ब्लोअर कमी ठेवा म्हणून.

सई_शहापूर | रविवार, रात्री ११:३५

मुलीला झोपवून आले. तर उत्तर असं आहे: आज जो हलका आहे, तो जन्मला तेव्हा जड होता. आपलं वजन त्यानं शेजाऱ्याला दिलं. क्रॉफर्डनं १९५५ मध्ये हे सुचवलं, आणि १९६०च्या दशकात संगणकावर ताऱ्यांचं आख्खं आयुष्य मांडता येऊ लागलं तेव्हा आकडे जुळले.

देवाणघेवाण होते कशी? दोन्ही ताऱ्यांभोवती आपापली हद्द असते. हद्दीच्या आतला वायू त्या ताऱ्याचा. या दोन हद्दी पाण्याच्या थेंबासारख्या, टोकाला टोक लावून ठेवलेल्या. फ्रेंच गणिती रोश यांच्या नावानं ती ओळखली जाते. जिथं टोकं भिडतात तिथं ना याची ओढ ना त्याची. आपल्याकडं सांगायचं तर तो महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका. तारा तरुण असताना हद्दीच्या खूप आत असतो, नाक्याकडं फिरकत नाही. म्हातारा होऊन फुगला, की त्याचं अंग हद्दीपर्यंत पोचतं आणि नाक्यातनं वायू पलीकडं सांडायला लागतो. एकदा पलीकडं गेला की तो शेजाऱ्याचा.

आणि आता जे सांगते ते मला सगळ्यात आवडतं. जड तारा हलक्याला द्यायला लागला की दोघं जवळ येतात. का? दोघं ज्या मधल्या बिंदूभोवती फिरतात, त्याच्या जवळ जड तारा छोट्या वर्तुळात फिरतो, हलका लांबून मोठ्या वर्तुळात. छोट्या वर्तुळातला माल मोठ्या वर्तुळात पाठवायचा तर त्याला जादा फिरकी द्यावी लागते, आणि ती कक्षेच्या खिशातनंच जाते. म्हणून कक्षा आवळते. कक्षा आवळली की हद्दही आवळते. हद्द आवळली की आणखी सांडतं. म्हणजे कडेलोटच. दोघांची वजनं सारखी होऊन उलटेपर्यंत हे थांबत नाही. उलटली की मग हलका जडाला देतोय, म्हणजे सगळं उलट: कक्षा सैल होते, हद्द वाढते, सांडणं मंदावतं आणि मग कोट्यवधी वर्षं थेंब थेंब चालू राहतं.

म्हणून आपल्याला अल्गोलसारख्या जोड्या भरपूर दिसतात, पण ऐन कडेलोटातली जोडी फार क्वचित. लग्नाच्या हॉलमध्ये पंगत उठल्यावर पोचल्यासारखं आहे हे. खरकटी पानं दिसतात, जेवणारे दिसत नाहीत.

निपाणीचा_बारीक_पत्ता | सोमवार, सकाळी ७:२०

कोगनोळी नाका वाचून चहा सांडला. म्हणजे तिथंपण सीमाप्रश्न आहेच, फक्त तिथं तारीख पडत नाही, माल पडतो.

धागा_सांभाळणारे | सोमवार, सकाळी ७:४५

सीमाप्रश्नाचे चार धागे वर चालू आहेत, तिकडं जावे ही विनंती. इथं फक्त वरचे तारे.

पुण्याहून_पाहुणा | सोमवार, सकाळी ९:३०

धागा छान आहे, पण आधी एक: "वर बघितलो"? 'मी बघितलं' हवं ना?

दुसरं, सईताई, हे सगळं 'असं झालं असावं' या थाटाचं वाटतं. वजन इकडून तिकडे गेल्याचा काही पुरावा?

माळ्यावरचा_राखणदार | सोमवार, सकाळी ९:५८

काका, आम्ही इकडं बघितलोच म्हणतो. कानडी आईच्या मांडीवर बसलेली मराठी आहे आमची. तारा तोच दिसतो.

सई_शहापूर | सोमवार, दुपारी १:२०

पहिल्या मुद्द्यावर मी राखणदाराच्या बाजूनं.

दुसरा मुद्दा रास्त आहे. पुरावा आहे. ताऱ्याच्या पोटात हायड्रोजन जळताना तिथला बराच कार्बन नायट्रोजनमध्ये बदलतो. एरवी तो माल पोटातच दडलेला असतो. 'ब'नं वरची सालं देऊन टाकली, म्हणजे पाठोपाठ आतला कमी कार्बनचा माल पलीकडं जायला हवा. अल्गोलमध्ये आणि त्याच्यासारख्या इतर जोड्यांत मोजलं, तर घेणाऱ्या ताऱ्याच्या पृष्ठभागावर कार्बन कमीच सापडतो. ज्या ताऱ्याच्या स्वतःच्या पोटातला माल अजून वर आलेलाच नाही त्याच्या अंगावर दुसऱ्याच्या पोटातला माल.

आणि कडेलोट नुकताच होऊन गेलेली जोडीही आहे. स्वरमंडळातला शेलियाक. त्याचं बदलणंही गुडरिकनंच १७८४ मध्ये शोधलं. फेरी सुमारे १३ दिवसांची, आणि ती दरवर्षी १९ सेकंदांनी वाढते आहे. म्हणजे वजनं उलटलीत, पण ओतणं अजून जोरात. इतकं, की घेणारा तारा आलेल्या वायूच्या जाड चकतीत झाकून गेलाय. नीट दिसतच नाही.

टिळकवाडीची_आज्जी | सोमवार, दुपारी ४:१०

मी विज्ञानातली नव्हे, मराठी शिकवत होते. दोन दिवस वाचतेय आणि नवल वाटतंय की कुणालाच कसं सुचलं नाही! तारा कुठल्या समूहात आहे? ययातीत. ययातीची गोष्ट काय? शुक्राचार्यांच्या शापानं अकाली म्हातारा झाला, आणि धाकट्या मुलाचं, पुरूचं, तारुण्य मागून घेतलं. पुरू म्हातारा झाला, बाप तरुण. सईबाळ, हे तुझंच सगळं झालं की! शेजारीच देवयानी, शर्मिष्ठा, वृषपर्वा. आख्खं कुटुंब वर बसलंय.

येळ्ळूरचे_गुरुजी | सोमवार, सायंकाळी ६:००

आज्जी, वा! फक्त एवढंच नोंदवतो की ही नावं आपल्या जुन्या सत्तावीस नक्षत्रांतली नव्हेत. पाश्चात्त्य समूहांना मराठीत नावं देताना ती आलेली आहेत. ज्यानं दिली त्याला अल्गोलच्या देवाणघेवाणीचा पत्ता असणं कठीण. योगायोग, पण काय योगायोग!

सई_शहापूर | सोमवार, रात्री ९:४०

आज्जी, अंगावर काटा आला. पण भांडते थोडी. पुरू तरुण असताना त्यानं दिलं. इथं 'ब'नं दिलं ते म्हातारा झाल्यावर. शिवाय 'अ' आधी म्हातारा नव्हताच, त्यामुळं तो ययाती नव्हे.

तुमची गोष्ट तंतोतंत लागते ती दुसरीकडं. जुन्या तारकागुच्छांत सगळे तारे एका वयाचे. त्यातले जड, निळे तारे केव्हाच संपलेले असायला हवेत. तरी काही निळे, तरणेताठे तारे मागं राहिलेले दिसतात. अॅलन सँडेजनं १९५३ मध्ये एम-३ गुच्छात ते पहिल्यांदा दाखवले. हे कोण? तर ज्यांनी वय झाल्यावर जोडीदाराकडनं वजन घेतलं, किंवा जोडीदाराला आख्खाच गिळला, ते. तो खरा ययाती. आपल्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीनं कर्क राशीतल्या एम-६७ गुच्छात अशाच एका निळ्या ताऱ्याशेजारी हलका श्वेतबटू पकडला. सगळं देऊन उरलेला, नुसता गाभा. बंगळूरच्या खगोलभौतिकी संस्थेतल्या लोकांचं काम आहे ते.

टिळकवाडीची_आज्जी | सोमवार, रात्री १०:०५

मान्य. पण पुराणात पुरूला तारुण्य परत मिळतं. तुझ्या ताऱ्याला?

सई_शहापूर | सोमवार, रात्री १०:२०

अल्गोलला मिळेल, एका अर्थी. कधीतरी 'अ' म्हातारा होऊन फुगेल, त्याची हद्द भरेल आणि वायू उलटा 'ब'कडं वाहायला लागेल. पण तोवर 'ब' श्वेतबटू झालेला असेल. तारुण्य परत मिळेल, ते पचवायला अंग नसेल.

पुण्याहून_पाहुणा | सोमवार, रात्री ११:००

पुरावा पटला. आणि 'बघितलो'चंही मागे घेतो.

श्वेतबटूला दिलेलं न पचणं म्हणजे उत्तर मुकुटातली ती जोडी ना? श्वेतबटू आणि लाल राक्षसी तारा, २२७ दिवसांची फेरी. राक्षसी ताऱ्याचा हायड्रोजन श्वेतबटूवर साठत जातो आणि ऐंशीएक वर्षांनी सगळा थर एकदम पेटतो. १८६६ आणि १९४६ मध्ये पेटला होता. एरवी दुर्बिणीशिवाय न दिसणारा तारा तेव्हा काही दिवस नुसत्या डोळ्यांनी दिसला. २०२४ मध्ये उडणार म्हणून जगभर सगळे माना वर करून बसले. मी रोज गच्चीवर जायचो. वर्ष सरलं, काही नाही. मानेला पट्टा मात्र लागला.

मातीचा_माणूस_खानापूर | मंगळवार, सकाळी ६:३०

आमचा धंदा कुंभाराचा. पोरगं बारावीला आहे. सेकंदाला शेकडो वेळा फिरणारा तारा असतो म्हणून सांगूलालं होतं. एवढं चाक कोण फिरवतं, ताई?

सई_शहापूर | मंगळवार, दुपारी १२:५०

मामा, हा प्रश्न तुमच्याशिवाय कुणाला पडणार?

खूप जड ताऱ्याचा स्फोट झाल्यावर जो गाभा उरतो तो न्यूट्रॉन तारा. वजन सूर्याहून जास्त, आकार बेळगावापासून खानापूरपर्यंतही पुरता पोचत नाही एवढा. जन्मतो तेव्हा जोरात फिरतो, मग हळूहळू मंदावतो. म्हणून १९८२ मध्ये सेकंदाला ६४२ फेऱ्यांचा सापडला तेव्हा सगळे चक्रावले. म्हातारा तारा एवढा चपळ कसा?

तुम्ही चाकाच्या खाचेत दांडकं घालून कडेनं रेटा देता. मधे दाबलं तर चाक फिरेल का? तसंच. शेजारचा तारा फुगतो, त्याचा वायू सरळ येऊन पडत नाही. आधी चकतीत गरगरतो, मग कडेनं येऊन पडतो. प्रत्येक पडणं म्हणजे एक रेटा. कोट्यवधी वर्षं रेटे बसले, की मेलेलं चाक परत भिरभिरायला लागतं.

आणि मग हा कृतघ्न काय करतो? ज्यानं फिरवलं त्यालाच आपल्या किरणांच्या माऱ्यानं जाळत सुटतो. १९८८ मध्ये अशी एक जोडी सापडली, सुमारे सव्वानऊ तासांची फेरी. बिचाऱ्या जोडीदाराचं वजन सूर्याच्या पन्नासाव्या भागाएवढं उरलंय आणि तेही वाफ होऊन चाललंय. नराला खाणाऱ्या कोळ्याच्या मादीचं नाव दिलंय त्या जातीला. २०११ मध्ये एक सापडला, त्याच्या जोडीदाराचं गुरूएवढं वजन उरलं होतं आणि घनता इतकी की तो बहुतेक स्फटिक झालेला कार्बन असावा. म्हणजे आख्खा हिरा. आमच्या शहापूरच्या सराफ गल्लीत सांगू नका, लगेच भाव विचारतील.

नारायणगावजवळ खोडदला आपली ४५ मीटरच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिनंही असे भिरभिरणारे तारे शोधलेत. पोराला सुट्टीत दाखवून आणा.

मातीचा_माणूस_खानापूर | मंगळवार, दुपारी १:१५

कडेनं रेटा. बरोबर. समजलं.

माळ्यावरचा_राखणदार | मंगळवार, रात्री १०:५५

आत्ता घरी आलो. आज राखणीची पाळी नव्हती, तरी गेलो. आई पण आली, घोंगडं घेऊन.

साडेसहा: देवयानीच्या टोकाच्या अल्माक ताऱ्यापेक्षा जरासा कमी.
आठ: बराच उतरलेला. आईला फरक कळेना.
नऊ वीस: शेजारच्या बारक्याएवढा. आईला आपण होऊन कळलं. "अगं बाई, खरंच की." मग म्हणाली, "म्हणजे आत्ता तो म्हातारा पुढं उभा आहे?" मी म्हणालो व्हय. बराच वेळ काही बोलली नाही.
दहा: गवे आले. नोंद बंद, डबा वाजवत पळालो.

उद्यमबागचा_फिटर | मंगळवार, रात्री ११:०५

मी गच्चीवरनं बघितलो. कारखान्यांच्या लाईटीत बारका तारा दिसलाच नाही, पण अल्गोल बारीक झालेला कळला. शेजारी विचारत होते, ड्रोन आहे का.

टिळकवाडीची_आज्जी | मंगळवार, रात्री ११:१०

आमच्याकडं ढग. पुढचा कधी?

येळ्ळूरचे_गुरुजी | बुधवार, सकाळी ६:१५

शुक्रवारचा संध्याकाळी ६:०८ ला, तेव्हा उजेड असतो. त्यापुढचे सगळे दिवसा, नाहीतर तारा मावळल्यावर. एक शनिवारी पहाटे सव्वादोनला आहे, तो आज्जींनी सोडून द्यावा. सोयीचा म्हणजे कालपासून विसाव्या दिवशी, सोमवारी रात्री ११:०२. येळ्ळूरच्या गडाच्या पायथ्याशी जमू. चहा माझ्याकडं. बॅटरीला लाल जिलेटीन लावून आणा, आणि राखणदार, आईंना नक्की आणा.

निपाणीचा_बारीक_पत्ता | बुधवार, सकाळी ७:०२

चहाबरोबर खायला कुंदा कोण आणतंय?